अकरा रुपयांची माळ

सासूबाईंच्या गळ्यात चांदीच्या अकरा रुपयांची माळ होती. रुपये निजामाच्या अमलातले. एका अंगाला चारमिनार, दुसऱ्या अंगाला आम्हाला वाचता न येणारी अक्षरं. प्रत्येक रुपयाच्या डोक्यावर डाख देऊन कडी बसवलेली आणि त्या कड्यांतून काळा दोरा ओवलेला. आमच्या भागात जुन्या बायकांकडे अशा माळा असायच्या. रुपये पेटीत ठेवले तर चोर पेटी नेतो, गळ्यात ठेवले तर त्याला आधी बाईला उठवावं लागतं, असं सासूबाई सांगायच्या आणि स्वतःच हसायच्या.

मधला रुपया वेगळा ओळखू यायचा. त्याची चांदीची कडी कधीतरी तुटली होती आणि सेनगावच्या सोनारानं तिथं पितळेची बसवून दिली होती. ती पिवळी कडी मी सहा वर्षं रोज पाहिली. त्या सहा वर्षांत सासूबाई अंथरुणावर होत्या आणि त्यांचं अंग मीच पुसायची. पुसताना माळ एका बाजूला सारावी लागायची. रुपये अंगाच्या उबेनं कोमट असायचे, घामानं काळे पडलेले. त्यांच्याखाली कातडी लाल व्हायची. मी विचारायची, "आत्याबाई, काढून ठेवू का जराशी?"

त्या डोळे न उघडताच म्हणायच्या, "मेल्यावर काढ."

मेल्यावर मीच काढली.

घरात आम्ही दोघी सुना. थोरली जाऊ माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. तिचं बोलणं खणखणीत, बाजारात तिला कुणी कमी तोलून देऊ शकत नाही. मी धाकटी, चौथीपर्यंत शाळा शिकलेली. शाळेतसुद्धा उत्तर येत असलं तरी मी हात वर करत नव्हते. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडतो, आणि ओला होईपर्यंत बोलायची वेळ निघून गेलेली असते. पन्नाशी आली तरी ते गेलं नाही.

सासूबाई धडधाकट होत्या तोवर भादव्यात महालक्ष्म्या बसल्या की तीन दिवस माळ त्यांच्या गळ्यातून उतरायची. एका वर्षी ज्येष्ठेच्या गळ्यात, दुसऱ्या वर्षी कनिष्ठेच्या. त्यात कधी चूक झाली नाही. एकदा थोरलीनं विसरून सलग दुसऱ्या वर्षी ज्येष्ठेलाच घातली, तर सासूबाईंनी आरती थांबवून माळ बदलायला लावली होती.

सासूबाईंचं तेरावं झालं आणि महिनाभरात वाटणी निघाली. भांडण असं काही नव्हतं, भावाभावांच्या सोयीचं होतं. गावातली चार जाणती माणसं ओसरीवर बसली. शेत झालं, बैल झाले, विहिरीच्या पाण्याचे दिवस ठरले, अंगणातून भिंत कुठून घालायची तेही ठरलं. महालक्ष्म्या थोरल्या घरी राहतात, त्यामुळं त्याचं काही बोलणंच नव्हतं. सगळ्यात शेवटी माळ आली.

एकजण म्हणाला, "अकराचे दोन भाग कसे करता? पाच-पाच घ्या, एक देवळात टाका."

दुसरे एक म्हातारे होते, त्यांना ते आवडलं नाही. ते म्हणाले, "माळ तोडू नका. देवी थोरलीकडं हाय, माळ बी तिकडंच राहू द्या. धाकटीची काही हरकत न्हाई ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते, डोक्यावर पदर. हरकत नाही एवढंच म्हणायचं होतं. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. थोरलीसुद्धा माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं असावं, पण आवाज निघाला नाही. मालक खाली मान घालून बसले होते. त्यांना वाटलं असेल, बायको काय म्हणते ते ऐकावं. इतका वेळ गेला की बाहेर जीपवाला गिऱ्हाईकांना हाका मारत होता त्याची सगळी हाक ऐकू आली.

मग पहिला माणूस म्हणाला, "बाई बोलेना म्हणजे तिच्या मनात हिस्सा हाय. बराबर हाय, तिनंच केलं म्हातारीचं. विकून टाका, दोघांना निम्मं निम्मं."

असं ते झालं. माळ हिंगोलीच्या एका सराफाकडे गेली. पैसे आले ते बियाण्यात गेले, कधी संपले कळलंही नाही.

त्या दिवशी संध्याकाळी थोरली अंगणात भांडी घासत होती. मी पाणी न्यायला गेले तर ती वर न बघता म्हणाली, "तोंडानं मागितली असती तर दिली असती गं. मुकी राहून विकायला लावलीस."

तेव्हाही मला बोलता आलं नाही. नंतर भिंत झाली, डोक्यापेक्षा हातभर उंच. भिंतीपलीकडून मला तिचं सगळं ऐकू यायचं, तिचं कुत्र्याला ओरडणं, तिची खोकल्याची उबळ, तिचा रेडिओ. तिला ऐकू जरा कमी येतं म्हणून तिच्याकडचा प्रत्येक आवाज मोठा असतो. पण माझ्याशी ती चार वर्षं एक शब्द बोलली नाही. महालक्ष्म्यांना मालक जेवून यायचे. मी काहीतरी दुखतंय असं सांगून घरी राहायची.

माझं नाणी गोळा करण्याचं खूळ इथून सुरू झालं. खूळ हा शब्द मालकांचा.

त्यांनी बाजारभाव बघायला मोठा फोन घेतला होता. दुपारी ते शेतात गेले की फोन कधी कधी घरी राहायचा, चार्जिंगला. लोक फोनला बोलून विचारतात हे मी पाहिलं होतं. मला फोनशी बोलायचीसुद्धा लाज वाटायची. म्हणून एकेक अक्षर दाबून लिहिलं, निजाम रुपया. इतके फोटो आले की मी घाबरून फोन पालथा ठेवला. मला वाटलं होतं, अशी माळ जगात एकच असेल.

हळूहळू कळत गेलं. नाण्यांचा लिलाव फोनवर होतो. नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो असतात, खाली किती वेळ उरला ते पळत असतं. आपण आकडा टाकायचा. आपल्यावर कुणी आकडा टाकला की फोन टिंग वाजतो. मग आपण पुन्हा टाकायचा, नाहीतर सोडायचं. वेळ संपली की ज्याचा आकडा वरचा त्याला नाणं. तोंडानं काही बोलावं लागत नाही. बोली लावायची, पण बोलायचं नाही, हे मला फार बरं वाटलं.

पैसे कसे भरायचे ते जीप स्टँडजवळच्या मोबाईल दुकानदारानं करून दिलं. तो पोट सुटलेला, बडबड्या माणूस. पहिल्यांदा गेले तेव्हा मी नुसता फोन पुढं केला. तो बघून म्हणाला, "मावशी, लोक इथं साडी घेतात, कुकर घेतात. तुमी रुपया घेण्यासाठी रुपये देऊन राहिल्या?" दुकानातले दोघं-तिघं हसले. मीही खाली बघून हसले. पण त्यानं काम नीट केलं, आणि पुढं दर वेळी करत आला.

माझे स्वतःचे पैसे म्हणजे वाकळा शिवण्याचे. जुनी लुगडी, धोतरं लोक आणून देतात, मी वाकळ शिवून देते. एका वाकळेला आठ-दहा दिवस जातात, बोटांना सुई टोचून घट्टे पडतात, मान आखडते. अशा दोन-तीन वाकळा झाल्या की एखादं नाणं व्हायचं.

पहिला रुपया आला तो कापसात गुंडाळून, छोट्या डबीत. काळाकुट्ट होता. मी चिंच आणि राख लावून असा घासला की ताटासारखा चमकायला लागला. देवापुढं ठेवला. नंतर कुठंतरी वाचलं की जुनं नाणं घासायचं नसतं, घासलं की त्याची किंमत जाते. मला वाईट वाटलं नाही. किमतीसाठी मी घेतला नव्हता. पण त्यानंतर घासले नाहीत.

चारमिनारच्या दारात एक अक्षर असतं. ते कुठल्या निजामाचं ते सांगणारं असतं म्हणे. मला वाचता येत नाही, पण दोन अक्षरं आकारानं वेगळी ओळखू यायला लागली. एक गाठ मारलेल्या दोऱ्यासारखं, एक उघड्या हुकासारखं. सासूबाईंच्या माळेत दोन्ही होती हे मला तेव्हा आठवलं. अंग पुसताना बघितलेलं डोळ्यांत राहिलं होतं.

मी फक्त कडी लावलेले रुपये घ्यायची. ते स्वस्त मिळतात. नाणी जमवणाऱ्या मोठ्या लोकांना ते नको असतात. फोटोखाली लिहिलेलं असतं, कडी जोडल्याची खूण, झीज जास्त, दागिन्यातलं नाणं. खोट असल्यासारखं लिहितात. मी एकेक करत शोधत होते तो पितळेच्या कडीचा रुपया. तो सापडला की माळ सापडली. माळ सापडली की घ्यायची, थोरलीच्या दारात जायचं आणि तिच्या हातात द्यायची. बोलायचं काहीच नव्हतं. माळच बोलली असती. असं मनाशी ठरवलं होतं आणि चार वर्षं मी तेवढ्यावर काढली.

गावात कळायचं ते कळलंच. दुकानदाराच्या पोटात काही राहत नाही. मग लोक माझ्याकडे नाणी घेऊन यायला लागले. कुणीतरी फोनवर व्हिडिओ पाहिलेला असायचा की देवीचं चित्र असलेलं नाणं लाखाला जातं, ट्रॅक्टरची पाचची नोट घरबसल्या श्रीमंत करते. एक शेजारीण ओच्यात पाच-सहा नाणी बांधून आली.

"बघ गं, यात देवीचं हाय का?"

"हाय एक," मी म्हणाले. बायकांपुढं एकेकटं बोलता येतं मला.

"मंग लाख येतील?"

"न्हाई काकू. पाचाचे पाचच येतात."

"तुला ठाऊक असून सांगत न्हाईस तू. तूच घेशील मागून."

ती चार दिवस माझ्यावर रागावून होती. नंतर तिच्या जावयानं कुण्या माणसाला फोनवर आधी नोंदणीचे पैसे भरले आणि तो माणूस गायब झाला. तेव्हा ती पुन्हा आली आणि ओट्यावर बसून मला म्हणाली, "तू मोठ्यानं सांगितलं असतं तर थांबलो असतो आमी." नाही म्हणून सांगण्यातच माझ्या दुपारी जायला लागल्या. एकदा तर वाकळ शिवता शिवता सात जणांना नाही म्हटलं.

मी थकले होते हे खरं. सासूबाईंचं करून थकले होते ते निघालंच नव्हतं अंगातून, त्यात हे. डोळे जळायचे. मालक एकदाच म्हणाले, "त्या रुपयांचं काय करायचं तुला?" मी सुईत दोरा ओवत राहिले. ते पुन्हा विचारायच्या भानगडीत पडले नाहीत.

या श्रावणात एका दुपारी माळ दिसली.

फोटो बघताक्षणी मी उठून उभी राहिले. अकरा रुपये, काळा दोरा, मध्ये पिवळी कडी. दोरासुद्धा तोच. सासूबाईंनी स्वतः वळलेला, एका ठिकाणी गाठ मारून जोडलेला. चार वर्षांत माळ किती हातांतून गेली कुणास ठाऊक, पण दोरा कुणी बदलला नव्हता. खाली लिहिलं होतं, जुनी ग्रामीण माळ, अकरा नग, झिजलेले, एक कडी दुरुस्त केलेली. लिलाव येत्या रविवारी दुपारी साडेतीनला संपणार होता.

ते चार-पाच दिवस मी कसे काढले सांगता येत नाही. भाकरी करपायची. दोन वाकळांचे आगाऊ पैसे मागून घेतले, कधी मागितले नव्हते. मालकांना रविवारी फोन घरी ठेवा एवढंच म्हटलं. त्यांनी ठेवला. ते फवारणीला गेले. मी दार लोटून अंगणातल्या भिंतीच्या सावलीत बसले, तिथंच रेंज चांगली येते.

तीन वाजता माझाच आकडा वर होता. मग टिंग वाजलं. कुणीतरी वर गेलं. मी पुन्हा टाकला. लगेच भिंतीपलीकडून टिंग आलं, मोठं, पितळेच्या ताटावर चमचा मारल्यासारखं. माझं तिकडं लक्ष नव्हतं. थोड्या वेळानं माझा फोन वाजला, मी पुन्हा आकडा टाकला, आणि भिंतीपलीकडं पुन्हा टिंग. पाठोपाठ खोकल्याची उबळ.

तिसऱ्यांदा मी मुद्दाम थांबून टाकला. बोट ठेवलं आणि कान दिला. पलीकडं टिंग.

भिंतीच्या त्या बाजूला थोरली बसली होती. तिच्याही हातात फोन होता. आणि आम्ही दोघी एकाच माळेवर एकमेकींच्या डोक्यावर आकडा टाकत होतो.

मला हसू आलं असतं, पण आधी राग आला. तिला कसं कळलं? मग वाटलं, तिला कळणारच. तिच्या गळ्यात यायला हवी होती ती माळ, पंचांतल्या म्हाताऱ्यांनीही तसंच म्हटलं होतं. मी तिच्यासाठीच घेणार होते ना? मग ती घेतेय तर मी मध्ये कशाला? उगाच दोघींचे पैसे वाढत होते. तेव्हा तिचा आकडा वर होता. मी फोन मांडीवर ठेवला आणि ठरवलं, आता टाकायचा नाही. थोरलीला घेऊ द्यायची. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. चार वर्षांत प्रथमच खांदे खाली आले.

शेवटची दोन मिनिटं उरली. दीड उरलं.

आणि पलीकडं टिंग वाजलं.

मला क्षणभर समजलं नाही. मी तर हात लावला नव्हता. फोन बघितला तर आकडा चढला होता. आमच्या दोघींशिवाय तिसरं कुणीतरी होतं, शेवटपर्यंत गप्प बसलेलं. आता त्याचा आकडा वर होता. थोरलीचा नव्हता.

मी वाट बघितली, ती आता वर टाकेल. ती टाकेना. मिनिटाच्या आत आलं. ती काहून थांबली ते मला तेवढ्यात कळलं. माझं खूळ गावभर झालेलं, तिला वाटत होतं, तिच्यावर गेले ती मीच. तिला तिसरा माणूस ठाऊकच नव्हता. तिच्यासाठी या लिलावात फक्त मी होते.

मला दोन गोष्टी करता आल्या असत्या. एक म्हणजे स्वतः आकडा टाकायचा. पण तिच्यावर आता जायचं नाही हे मनात पक्कं बसलेलं, ते निघेना. दुसरी गोष्ट सोपी होती. भिंतीवरून ओरडायचं. आक्का, तो आकडा माझा न्हाई. तुमी टाका. एवढंच. मी उठले. भिंतीला हात लावला. तोंड उघडलं. घसा कोरडा. तेच, ओसरीवरचं. पलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता, इतकी ती जवळ होती.

फोनवरचे आकडे लाल झाले, दहा, नऊ, आणि मग गेले.

माळ गेली.

मग थोरलीनं घसा खाकरला आणि चार वर्षांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. भिंतीवरून, पण रोज बोलत असल्यासारखी.

"घेतलीस ना? घे. मला पहिल्यापासून ठाऊक होतं तूच हायेस म्हणून. त्या दुकानवाल्यानं सांगितलं व्हतं, तुमची धाकटी रुपये घेती. म्हटलं, पाहू तर किती वर जाती."

मी भिंतीला हात लावून उभी.

"मला पाहिजे होती गं," ती म्हणाली, "खरं सांगते. माझ्याच गळ्यात घालायची होती, म्हाताऱ्या बाईची हौस. पर शेवटी म्हटलं, मरू दे. म्हातारीचं गू-मूत हिनंच काढलं सहा वर्षं. हिलाच जाऊ दे. आता भादव्यात महालक्ष्मीला घेऊन ये ती, घरी घालून बसू नको एकटी."

आता बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. बोलले नसते तर ती भादव्यापर्यंत वाट बघत बसली असती.

"आक्का," मी म्हणाले. आवाज फाटका निघाला. "मी न्हाई घेतली."

"आं? मोठ्यानं बोल."

"मी न्हाई घेतली! तिसऱ्याच कुणीतरी घेतली. मी तर आधीच थांबले व्हते, तुमाला घ्यायची म्हणून."

इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात बोलले नव्हते. रस्त्यानं जाणाऱ्यांनीसुद्धा वळून बघितलं असेल.

मग हळूच, "म्हंजे मी टाकला असता तर..."

"व्हय."

"आन् तुला ठाऊक होतं? तेव्हाच ठाऊक होतं?"

"व्हय."

"मंग तोंड काहून न्हाई उघडलंस? अगं माय, मी हातभर अंतरावर व्हते! भिंतीवर दगड मारायचा नुसता!"

"आवाज निघाला न्हाई आक्का."

"निघाला न्हाई! दोन खेपा माळ गेली, दोन्ही खेपा तुझ्या तोंडापायी. त्या दिवशी पंचांपुढं बी निघाला न्हाई का आवाज?"

"न्हाई निघाला. हरकत न्हाई म्हणायचं व्हतं मला."

ती पलीकडं उठल्याचं ऐकू आलं. मला वाटलं, आत गेली. मग तिचा आवाज आला, दमलेला. "चार वर्षं मी तुला लबाड म्हणून राहिले."

"म्हणा."

"म्हणा काय म्हणती? भांड ना जरा!"

"भांडता येत न्हाई मला."

"मंग शिक. आन् ये इकडं. भिंतीवरून किती वरडायचं, माझा घसा बसला."

मी गल्लीतून फिरून तिच्या दारात गेले. रिकाम्या हातानं. तिनं चहा टाकला, मला पाटावर बसवलं आणि जी बोलायला लागली ती थांबेना. तिच्या लेकीनं नांदेडहून तिला फोनवर सगळं लावून दिलं होतं. ती दिवसातून दोनदा बघायची. मी ऐकत होते. मध्ये ती रागावायची, पुन्हा तेच विचारायची, तेव्हाच्या तेव्हा काहून न्हाई बोललीस. मी पुन्हा सांगायची. बरं वाटलं असं लिहायला हवं, पण खरं म्हणजे मला झोप येत होती. चार वर्षं धरून ठेवलेलं सुटलं की माणसाला झोपच येते बहुतेक. आनंद नंतर कधीतरी येत असेल.

चहाचा कप खाली ठेवून ती म्हणाली, "ज्यानं घेतली त्याला फोन लाव."

"त्याचा नंबर न्हाई दिसत आक्का. नावबी न्हाई. नुसता आकडा दिसतो."

"लिलाववाल्यांचा असंल की."

त्यांचा होता, खाली लिहिलेला.

"लाव. सांग त्याला, माळ आमच्या घरची हाय, त्या माणसाला विचार, परत देतो का. लागले तर वर देऊ थोडे."

"तुमी बोला."

"मला ऐकू येत न्हाई फोनवर. तूच बोल." तिनं माझा हात धरून ठेवला, सोडला नाही. "आता निघाला न आवाज मघाशी? तसाच काढ."

मी फोन लावला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. मला शहरातलं ऐकलेलं हिंदी येतं तेवढं मी बोलले. पहिल्यांदा फोन चुकून बंद केला, थोरलीनं पुन्हा लावायला लावला. त्यानं ऐकून घेतलं. घेणाऱ्याचं नाव सांगता येत नाही म्हणाला, पण निरोप पोचवतो म्हणाला.

त्याला आता बरेच दिवस झाले. महालक्ष्म्या येऊन गेल्या. मी थोरलीकडे पुरणाला होते, दोघींच्या पाठी दुखेपर्यंत. घेणाऱ्याचा काही निरोप आला नाही. येईल असं मला फारसं वाटतही नाही. पण दर सोमवारी दुपारी थोरली येते, किंवा मी जाते, आणि फोन लावते. त्या माणसानं आता माझा आवाज ओळखला आहे. "हां, हिंगोलीवाली बाई," म्हणतो, आणि थांबायला सांगतो. मी फोन कानाला लावून थांबते.

थोरली गुडघ्याला धक्का देऊन विचारते, "काय म्हणला?"

"थांबा म्हणला."

"मंग थांब," ती म्हणते, आणि माझ्या पुढ्यातली वाकळ ओढून घेऊन टाके बघायला लागते.